बाटलीतलं हिरवं पाणी

डोंबिवलीत पाण्याला रंग आला की पहिला संशय कारखान्यांवर जातो, आणि तो काही उगाच जात नाही. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या झाल्या, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. त्यामुळे तळ्याचं पाणी हिरवंगार दिसलं किंवा गच्चीवर विसरलेल्या बादलीच्या तळाशी लालभडक थर दिसला, की ‘केमिकल असणार’ म्हणून आपण मोकळे होतो. काही वेळा मात्र तो रंग जिवंत असतो. तो जिवंत आहे का, हे घरच्या घरी तासा-दोन तासांत कळतं.

काचेच्या ग्लासात ते पाणी घ्या. ग्लासाभोवती काळा कागद गुंडाळा, कागदाला एका बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा आणि भोक उजेडाकडे करून ग्लास खिडकीत ठेवा. उन्हाची थेट तिरीप नको, नुसता लख्ख उजेड हवा. तासा-दोन तासांनी कागद काढा. रंग सगळीकडे होता तसाच असेल, तर तो बहुधा विरघळलेला आहे. हिरवा गाळ तळाला बसला असेल, तर ती पोहू न शकणारी शेवाळं आहेत. आणि हिरवा रंग भोकासमोरच्या काचेला येऊन चिकटला असेल, तर तुमच्याकडे पोहणारे, उजेड ओळखणारे एकपेशीय जीव आहेत. त्यांना चाबकाच्या दोरीसारखी हलणारी एक किंवा अधिक शेपटं असतात. शाळेच्या पुस्तकात या शेपटांना कशाभिका म्हणतात. युग्लिना, क्लॅमिडोमोनास ही अशा जिवांतली ओळखीची नावं. पुढचं सगळं अशाच पाण्याबद्दल आहे.

आधी एक मत सांगून टाकतो. आपल्याकडे हे जीव मुलांना भेटतात ते आकृतीतून किंवा कारखान्यातून आलेल्या कायमस्वरूपी काचपट्टीवरून. काचपट्टीवरचा युग्लिना मेलेला आणि रंगवलेला असतो, आणि आकृतीतलं जीवनचक्र बाणांनी एकाच दिशेला फिरत असतं. प्रत्यक्षात कोणता बाण कधी चालणार हे पाणी, उजेड आणि नत्र ठरवतात. खायला-प्यायला भरपूर असेल तर एकाचे दोन होत राहतात, टंचाई आली तर काही जाती जोडीदार शोधतात, पाणी आटलं तर कवच करून पडून राहतात. म्हणून हे आयुष्य पाहायचं तर बाटली नुसती भरून ठेवून भागत नाही, तिच्यातली परिस्थिती आपण बदलावी लागते.

पाणी कुठलं घ्यावं

उथळ, साचलेलं, ऊन लागणारं आणि थोडी पालापाचोळ्याची कुजण असलेलं पाणी सगळ्यात चांगलं. ठाकुर्लीचं चोळेगावचं तळं, निळज्याचं तळं, कल्याणचा काळा तलाव, ठाण्याचा मासुंदा अशा तळ्यांच्या काठाचं पाणी घेऊन पाहावं. पण तितकंही लांब जायची गरज नसते. कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, गच्चीवरचा सिमेंटचा खळगा यांत पावसाळ्यात हे जीव आपोआप येतात. गायी-म्हशी बसतात त्या डबक्यावर हिरवी साय दिसली, तर ती बहुधा युग्लिनाची असते. त्याला असं सेंद्रिय, गढूळ पाणी मानवतं. युग्लिनाची एक जात तर दुपारच्या उन्हात विटकरी लाल होते आणि सावलीत पुन्हा हिरवी. पेशीतले लाल कण उन्हात वर पसरतात, ऊन उतरलं की आत गोळा होतात. म्हणजे रंग बदलणारं तळं दिसलं तर कारखान्याला दोष देण्याआधी सकाळी आणि दुपारी अशा दोन्ही वेळा पाहून या. मात्र त्या पाण्यात मासे मरत असतील तर लांब राहा. ही जात विषही तयार करते.

काही जागा वर्ज्य. एमआयडीसीतले नाले आणि त्यांना मिळणारं पाणी नको, तिथे जीव कमी आणि हाताला धोका जास्त. दगडखाणींत साचलेल्या पाण्याजवळ मुलांना नेऊ नका. डोंबिवलीच्या आसपासच्या खदाणींत माणसं बुडालेली आहेत. तेलरंग सांडल्यासारखा निळसर-हिरवा, दुर्गंधी येणारा तवंग असेल तर तोही सोडा. तो नीलहरित शेवाळांचा असतो आणि त्यातली काही विषारी असतात.

जॅमची रुंद तोंडाची बाटली अर्धीच भरा, वर हवा राहू द्या. झाकणाऐवजी जुन्या साडीचा किंवा मलमलचा तुकडा रबरबँडने घट्ट बांधा. हे टाळू नका. उघड्या बाटलीत आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे लोक तपासणीला आले तर तुमचं विज्ञान त्यांना पटणार नाही.

बाटली जगवण्याची रीत

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते आधी चोवीस तास उघड्या भांड्यात ठेवून जाऊ द्यावं. पावसाचं पाणी मिळालं तर प्रश्नच नाही. दुसऱ्या एका बाटलीच्या तळाशी बोटभर बागेतली माती घाला. खत घातलेली नको, साधी. मातीत उकळलेले तीन-चार गव्हाचे दाणे दाबा, वर हळूच पाणी ओता आणि दोन दिवस निवळू द्या. मग तळ्याच्या पाण्यातला, उजेडाकडे गोळा झालेला हिरवा भाग ड्रॉपरने उचलून त्यात सोडा. अर्न्स्ट प्रिंग्सहाइम या शेवाळतज्ज्ञाने प्रयोगशाळांत रूढ केलेल्या पद्धतीचं हे घरगुती रूप आहे. माती हळूहळू क्षार देते, गहू कुजून सेंद्रिय अन्न देतो. दाणे जास्त घालू नका. पाणी सडतं, जंतू माजतात आणि हिरवं सगळं मरतं. सुरुवातीला बहुतेकांची बाटली याच कारणाने वास मारू लागते.

बाटली उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात काच तापून पाणी शिजतं. पाच ते दहा दिवसांत पाणी हिरवट होऊ लागेल.

पाहायला विद्यार्थ्यांचा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. शंभरपट मोठं करून शोधायचं आणि चारशेपट करून पाहायचं. मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदी फोल्डस्कोप सुमारे एकशेचाळीसपट दाखवतो. त्यात युग्लिनाची लगबग दिसते, कशाभिका दिसत नाही. युग्लिना साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो, क्लॅमिडोमोनास शंभराव्या भागाएवढा. दोघेही इतके पळतात की पाहणारा थकतो. थेंबात कापसाचे दोन-तीन तंतू टाकून वर कव्हर स्लिप ठेवली की त्या तंतूंमध्ये ते अडकून जागच्या जागी वळवळत राहतात. कशाभिका नीट पाहायची तर कव्हर स्लिपच्या कडेला टिंक्चर आयोडीनचा बारीकसा थेंब लावा. जीव मरतो, पण कशाभिका स्पष्ट उठून दिसते. दोघांतला फरकही याच थेंबाने कळतो. क्लॅमिडोमोनास पिष्ट साठवतो, त्यामुळे आयोडीनने काळपट होतो. युग्लिनाचा साठा वेगळ्या पदार्थाचा असतो, तो काळा पडत नाही.

रात्री अकराचा थेंब

आता प्रजनन. दिवसा कितीही थेंब पाहिलेत तरी विभागणारा युग्लिना क्वचित सापडेल, कारण दिवसा तो उजेड खातो आणि वाढतो. विभाजन बहुतेक वेळा अंधार पडल्यावर होतं. म्हणून बाटली दिवसभर खिडकीत, संध्याकाळी सातपासून काळ्या कापडाखाली, आणि थेंब रात्री अकराच्या सुमारास घ्यायचा. खोलीत रात्रभर ट्यूबलाइट जळत असेल तर ही घडी बिघडते.

दहावीच्या पुस्तकात याला उभे द्विविभाजन म्हटलं आहे. युग्लिना बुटका, जाडसर होतो. आतलं केंद्रक पुढच्या टोकाकडे सरकतं आणि दोन होतं. आपल्या पेशींत विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळतं, इथे ते शाबूत राहतं आणि गुणसूत्रांची वाटणी आवरणाच्या आतच उरकते. पुढच्या टोकाचा खळगा, जिथून कशाभिका निघते, तोही दुप्पट होतो. लाल डोळाबिंदू दोघांना मिळतो. मग पुढून मागे चीर पडत जाते. मध्यावर आलेली चीर सापडली तर दोन डोकी आणि एक शेपूट असा विचित्र प्राणी दिसेल, दोन्ही कशाभिका आपापल्या दिशेला ओढत असतात. शेवटी शेपटाशी एक धागा उरतो आणि तुटतो. सगळ्याला काही तास लागतात, म्हणून एकच पेशी धरून बसण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने नवा थेंब घेऊन वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या पेशी शोधाव्यात. त्या क्रमाने वहीत काढल्या की अख्खी गोष्ट जुळते.

परिस्थिती उत्तम असेल तर दिवसाला एक विभाजन धरायला हरकत नाही. त्या हिशेबाने एका पेशीच्या दहा दिवसांत हजारावर पेशी होतात. बाटली एका आठवड्यात फिकटची गडद का होते, ते यावरून कळावं. पुढे गडदपणा थांबतो, कारण क्षार संपतात आणि वरच्या थराची सावली खालच्यांवर पडते.

‘नर कोणता, मादी कोणती?’ हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. युग्लिनात लैंगिक प्रजनन आजवर खात्रीने कुणाला दिसलेलं नाही. जुन्या ग्रंथांत काही दावे आहेत, ते टिकले नाहीत. केवळ दोनात फुटत फुटत हा गट तळ्यातळ्यांत टिकून आहे.

टंचाईचं मात्र त्याच्याकडे उत्तर आहे. बाटलीतलं थोडं पाणी बशीत काढून सावलीत हळूहळू आटू द्या आणि रोज थेंब पाहा. पेशी आधी कशाभिका टाकतात, गोल होतात आणि चिकट आवरणात एकमेकींशेजारी स्थिरावतात. या अवस्थेतही त्या आतल्या आत विभागू शकतात. पाणी आणखी कमी झालं की काहींभोवती जाड भिंत तयार होते, म्हणजे पुटी. बशीत पुन्हा पाणी घाला. चिकट आवरणातल्या पेशी लवकर हलू लागतात, पुटीतल्यांना वेळ लागतो. एकदा वाळवून आणि भिजवून पाहिलं की पुस्तकातल्या ‘प्रतिकूल परिस्थिती’ या शब्दांचा अर्थ मुलांना पुन्हा सांगावा लागत नाही.

भुकेने जुळलेल्या जोड्या

क्लॅमिडोमोनासची तऱ्हा निराळी, आणि माझ्या मते जास्त रंगतदार. तोही दिवसा वाढतो आणि रात्री फुटतो, पण दोनावर थांबत नाही. दिवसभरात जितका फुगला असेल त्या मानाने तो जुन्या भिंतीच्या आतच दोन, चार, आठ, कधी सोळा पिल्लं करतो. त्याआधी कशाभिका आत ओढून घेतो. पिल्लांना कशाभिका फुटल्या की ती एक विकर सोडून आईची भिंत विरघळवतात आणि बाहेर पडतात. पहाटे उठून थेंब घेतलात तर चार-चार पिल्लं अजून एकाच पिशवीत असलेली दिसतील.

हे झालं भरल्या पोटी. पाण्यातलं नत्र संपलं की याच पेशी युग्मक बनतात. घरी करून पाहायचं तर उजेडाकडे गोळा झालेला दाट हिरवा थेंब उकळून थंड केलेल्या पावसाच्या पाण्यात सोडा. पावसाळा नसेल तर डिस्टिल्ड वॉटर चालेल. मग एक-दोन दिवस चांगल्या उजेडात ठेवा. नशिबाने बाटलीत ‘अधिक’ आणि ‘उणे’ असे जोडीदारांचे दोन्ही प्रकार असतील, तर पेशींचे घोस दिसू लागतात. त्यांच्या कशाभिका एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि घोस थरथरत असतो. त्यातून जोड्या सुटतात, विरघळून एक होतात आणि काही काळ चार कशाभिकांची पेशी पोहताना दिसते. चार कशाभिका मोजता आल्या तर तुम्ही मीलन पाहिलंत. दोन्ही प्रकार बाटलीत नसतील तर काहीच घडणार नाही. दुसऱ्या तळ्याचं पाणी मिसळून पुन्हा करा.

पुढे ही पेशी कशाभिका टाकते आणि जाड, खडबडीत भिंतीचं युग्मनज होते. ते कोरड्या चिखलात महिनोन् महिने टिकतं. आयुष्यभर एकपट गुणसूत्रं घेऊन फिरणाऱ्या या जिवात दुप्पट गुणसूत्रं फक्त याच अवस्थेत असतात. पाणी, उजेड आणि नत्र परत मिळालं की अर्धगुणसूत्री विभाजन होतं आणि सहसा चार नवी पिल्लं पोहत निघतात. अनुवंशशास्त्राने या जिवावर खूप काम केलं आहे. हरितलवकातले गुण दोघांकडून न येता एकाच जोडीदाराकडून येतात, हे रूथ सेगर यांनी १९५४ मध्ये याच जिवात दाखवलं. जगभरच्या प्रयोगशाळांतला त्याचा मूळ वाण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका बटाट्याच्या शेतातल्या मातीतून १९४५ मध्ये मिळाला होता. पाण्यातला जीव मातीत सापडला, तो बहुधा युग्मनजाच्या या सुप्त अवस्थेमुळे.

आता बादलीतला लाल थर. पावसाचं पाणी साचून आटलेल्या भांड्यात गंजासारखी लाल पूड दिसली आणि भांडं लोखंडाचं नसेल, तर ती हिमॅटोकोकस असू शकते. पाणी असताना हा हिरवा, दोन कशाभिकांचा पोहणारा जीव असतो. पाणी आटू लागलं, ऊन वाढलं की कशाभिका टाकतो, गोल होतो आणि स्वतःला लाल रंगद्रव्याने भरून घेतो. आज कॅप्सूलमध्ये विकलं जाणारं नैसर्गिक अस्टाझँथिन ते हेच. चिमूटभर पूड खरवडून कागदी पाकिटात ठेवा. महिन्याभराने पावसाच्या पाण्यात टाका आणि दोन-तीन दिवस पाहा. लाल गोळ्यांतून पोहणारी पिल्लं बाहेर पडतात आणि पुढे हिरवी होत जातात. सूक्ष्मदर्शक नवा असलेल्या मुलांसाठी यापेक्षा सोपा आणि खात्रीचा प्रयोग मला माहीत नाही.

हात धुवा, पाणी उकळा

कशाभिका असलेले सगळेच जीव काही खिडकीत ठेवण्याजोगे नसतात. जिआर्डियाला आठ कशाभिका असतात. तो आपल्या लहान आतड्याला चिकटून राहतो आणि युग्लिनासारखाच उभा फुटत वाढतो. पुढे सरकणाऱ्या विष्ठेबरोबर त्याची पुटी बनते आणि बाहेर पडते. थंड पाण्यात ती आठवडे, कधी महिनेसुद्धा तग धरते. दहा-वीस पुट्या पोटात गेल्या तरी जुलाब सुरू होऊ शकतात. नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला ती सहजासहजी दाद देत नाही, पण खळखळून एक मिनिट उकळलेल्या पाण्यात मरते. सोसायटीची टाकी धुताना आतल्या भिंतींबरोबर झाकण आणि मैलावाहिनीपासूनचं अंतर तपासायचं ते यासाठी. तळ्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणं, ड्रॉपर तोंडाने न ओढणं आणि प्रयोगाची बाटली फ्रिजमध्ये न ठेवणं, एवढं पाळलं की पुरे. संपलेली बाटली उकळतं पाणी ओतून मगच मोरीत रिकामी करा.

परिस्थितीप्रमाणे जीवनचक्रातला एखादा टप्पाच गाळला जातो, याचं उदाहरण आपल्या गुरांत आहे. सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हाही कशाभिकाधारी. आफ्रिकेतल्या त्याच्या नातलगांचं अर्धं आयुष्य त्सेत्से माशीच्या पोटात जातं. हा मात्र फक्त जनावराच्या रक्तात फुटत राहतो, आणि चावणाऱ्या मोठ्या माश्या त्याला आपल्या सोंडेवरून नुसत्या पोचवतात. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. माणसाला या रोगाची लागण झाल्याचं तोवर पक्कं सिद्ध झालेलं नव्हतं. या जिवाला मारणारं एक प्रथिन आपल्या रक्तात असतं, त्याचा त्या रुग्णात अभाव असल्याचं पुढे कळलं. औषधोपचाराने तो बरा झाला.

शाळांसाठी एक सुचवणं आहे. एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तळ्यातल्या शेवाळांचा ऋतुक्रम अभ्यासून १९४६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला होता. डोंबिवलीच्या एखाद्या शाळेने आपल्या जवळच्या तळ्याचा असा वर्षभराचा क्रम लिहायला घ्यावा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागेवरून एक बाटली. पाण्याचा रंग, तापमान, थेंबात पोहणारे किती, विभागणारे किती, पुट्या किती, एवढंच वहीत. ओळख पटवायला अय्यंगार आणि देशिकाचारी यांचा १९८१ चा ‘व्हॉल्व्होकेल्स’ हा ग्रंथ एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मागवता येईल. सुरुवात जूनमध्ये, पहिल्या पावसाने तळ्याचा वाळलेला काठ भिजल्यावर लगेच करा. पुट्या फुटतात त्या याच दिवसांत.